स्टॅम्पावरची लेक

त्या वकीलबाईकडं मी भांडायलाच गेलतो. खोटं कशाला सांगू? पदर खोचून, पिशवीत स्टॅम्पाचा कागद घालून, सकाळच्या पहिल्या बसनं बेळगुंदीहून बेळगावला गेलतो. आणि हो, मी बाई हाय. अक्काताई माझं नाव, साठीला एक वरीस कमी. आमच्या भागात बायका बी 'मी गेलो, मी आलो' असंच म्हणतात. पुण्याच्या पावण्यांना हसू येत असलं तर येऊ दे.

भांडण कशाचं, तर माझ्या सुनेचं, रचनाचं, लग्न मोडाय निघालं हुतं. मोडणारा दुसरा कोण न्हाय, माझाच पोरगा सौरव. पुण्याहून त्याचा फोन आला.

"आई, कोर्टात गेलो तर पाच-पाच वर्षं तारखाच पडत्यात. त्यापरास बेळगावात, कॅम्पात एक बाई हाईत, विद्युल्लता नाडगौडा म्हणून. वकीलच हाईत, पण दोघांना समोरासमोर बसवून बोलणं करून देत्यात. मीडिएशन म्हणतात त्याला. ठरलं की कागद करायचा, दोघांनी मिळून कोर्टात द्यायचा, सहा महिन्यांनी कोर्ट शिक्का मारतंय. रचनाला तेवढं पाठव."

"आणि मला?"

"तुला न्हाय बोलवलं, आई."

झालं! माझं डोकंच सणकलं. म्हटलं, तिथं मीच पहिली जाणार.

तुम्हाला वाटंल, पोराचा संसार मोडतोय म्हणून आईचा जीव तुटत असणार. न्हाय. त्याचं रडून रडून संपलं हुतं. पाच वर्षांपूर्वीच तो पुण्याला गेला, तो गेलाच. मला भ्या हुतं ते रचना जायाचं. एकदा सही झाली की ती माझी कोण? सून न्हाय, पावणी न्हाय, कुणीच न्हाय. ट्रंक उचलून निघाली तर 'थांब' म्हणायला मला तोंड ऱ्हाणार न्हवतं. आणि ती गेली तर त्या घरात मी आणि दोन म्हसरं.

आता माझी चूक बी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं न्हाय. हे लग्न सौरवला नकोच हुतं. "मला आत्ता न्हाय करायचं," असं पोरगं चार खेपेला म्हणालं. मी म्हटलं, विहिरीत उडी टाकतो. विहिरीत गुडघाभर पाणी हुतं, ते त्यालाबी ठावं हुतं, तरी पोरगं भ्यालं. बाप मागं न्हवता, आई तेवढी एक. निपाणीकडची पोरगी बघितली, डी.एड. झालेली, मराठी-कानडी दोन्ही लिवणारी. बाप वारलेला, भाऊ आपल्या संसारात गुंग. महिन्यात अक्षता टाकल्या.

दोन वर्षं दोघं एका घरात नांदली. कधी तोंड वाजलं न्हाय, कधी त्यानं हात उचलला न्हाय. नुसतीच दोघं दोन भाडेकरू असल्यासारखी. मग त्यानं पुण्याची नोकरी धरली आणि वर्षाकाठी दोन दिस याय लागला. गाव म्हणालं, तिकडं कुणीतरी ठेवलीय. कोण न्हवतं. मी अचानक जाऊन बघून आलतो! एक गादी, एक बादली आणि कोपऱ्यात न धुतलेलं टोप.

पण ती दोघं तुटली तशी आमी दोघी जोडत गेलो. भाताची लावण आमी दोघी, रताळ्याची काढणी आमी दोघी. मला टायफाईड झाला तवा माझ्या सख्ख्या बहिणीनं फोनवरनं चौकशी केली. माझं हगणंमुतणं एकवीस दिस रचनानं काढलं. तोंड वाकडं केलं न्हाय. आमच्याकडं सुना सासूला 'आत्ती' म्हणतात. ती 'आत्ती' म्हणून हाक मारायची, तवा वाटायचं, देवानं लेक दिली न्हवती, ती अशी दिली.

मधी दोनदा तिला चिकोडीकडच्या मराठी शाळेत गेस्ट टीचर म्हणून बोलवणं आलं. दोन्ही खेपेला मी म्हटलं, "कशाला गं इतक्या लांब, एकटी? घरात काय कमी हाय?" ती म्हणाली, "बरं." तिला बरं म्हणायची लई सवय.

मग तीन वर्षांपूर्वी सौरवची पहिली नोटीस आली. मला काय सुचंना. आमच्या गावचे आण्णाप्पा, वयानं मोठे, पंचांत बसणारे. त्यांच्याकडं गेलो. मारुतीच्या देवळातनं निरोप गेला आणि आमच्या सोप्यात अकरा माणसं बसली. तासभर खल झाला. आण्णाप्पांनी डोकं चालवलं: "सून म्हणून हक्क जातोय ना? मग लेक करून घ्या. आजपास्नं रचना अक्काताईची लेक. सौरव गेला तरी ती ह्याच घरात ऱ्हाणार." वा! मला तर आण्णाप्पांचे पाय धरावेत असं वाटलं. दुसऱ्या दिवशी बेळगावात डीसी ऑफिसजवळ, म्हंजे कलेक्टर कचेरीजवळ, स्टॅम्पावर मजकूर टाईप करून देणाऱ्या एका बॉन्ड रायटरकडं गेलो. त्यानं त्याच्या सवयीनं कानडीत टायपिंग केलं, माझा अंगठा, रचनाची सही, दोन साक्षीदार. तो कागद प्लास्टिकात घालून रेशन कार्डासंगं ठेवला. गाव म्हणालं, "सासू असावी तर अशी." मी बी फुगलो. कुणी टवाळ रचनाला 'स्टॅम्पावरची लेक' म्हणाय लागलं, तरी मला त्यात मानच वाटायचा.

तोच कागद घेऊन, रचनाला संगं घेऊन मी कॅम्पात गेलतो.

वकीलबाईंचं घर जुनं, कौलारू, पुढं आंब्याचं झाड. कोर्टासारखं काही न्हवतं. एक गोल टेबल, चार खुर्च्या, पाण्याची बाटली. बाई पासष्टीच्या, बारीक, केस कापलेले, सुती साडी. सौरव आधीच येऊन बसलता. रचनाकडं बघून मान हलवली त्यानं, तिनंबी हलवली.

"आजी, तुम्ही बाहेर बसा," बाई म्हणाल्या. "आधी हे दोघं बोलतील."

आजी! मी उभाच ऱ्हायलो. म्हटलं, "ही कुठली रीत वो? लग्न ठरवताना दोन्हीकडची पन्नास माणसं लागतात आणि मोडताना दोघंच?"

"मोडताना पण पन्नास बसवली की काय होतं, ते मी तीस वर्षं कोर्टात बघितलंय," बाई म्हणाल्या. "बरं, तुमचं म्हणणं काय आहे ते सांगा. मग बाहेर बसा."

मी प्लास्टिकातनं कागद काढून टेबलावर आपटला. म्हटलं, "ही माझी सून ऱ्हायलीच न्हाय. ही माझी लेक हाय. तुम्ही घटस्फोट करा न्हायतर काय करा, ही माझ्या घरातनं हलणार न्हाय."

बाईंनी चष्मा लावला. कानडी कागद, त्यांनी सरळ मराठीत वाचून दाखवला. वाचता वाचता त्यांचं तोंड हसाय लागलं.

"अक्काताई, ह्यात रचनाला तुम्ही दत्तक घेतलंय असं लिहिलंय."

"घेतलंय की."

"मग सौरव तिचा कोण झाला?"

कसं बाई अकरा जणांत कुणाच्या ध्यानात आलं न्हाय! नवरा-बायकोची भाऊ-भन करून, वर शिक्का मारून ठेवलता आमी. सौरव हसू दाबाय गेला आणि त्याला ठसकाच लागला. मलाबी हसू आलं, राग बी आला. रचना तेवढी हसली न्हाय. खिडकीकडं बघत बसली.

"कायद्यात ह्या कागदाला चहाच्या कपाची पण किंमत नाही," बाई कागद माझ्या हातात देत म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या, लग्न झालेल्या मुलीला असं दत्तक घेता येत नाही. पण तुमची माया खोटी आहे असं मी म्हणत नाही. आता बाहेर बसा. आणि ऐका, मी निकाल देत नाही. ठरवायचं ह्या दोघांनी. इथं कोण काय बोललं ते मी दुसऱ्याला सांगत नाही, कोर्टाला पण नाही."

अशा तीन बैठका झाल्या, पंधरा-पंधरा दिवसांनी. दरवेळी मी संगं जायचो आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायचो. दार पुरतं मिटत न्हवतं, त्यामुळं मोठ्यानं बोललेलं कानावर पडायचं.

सौरव कशाला न्हाय म्हणत न्हवता. लग्नात तिच्या माहेरनं आलेलं सगळं तिचं, त्याच्या नावचं अर्धं घरबी तिला, वर दरमहा खर्चाला पैसे. "चूक तिची न्हाय, माझी बी पुरती न्हाय, पण ती सात वर्षं माझ्यामुळं अडकली," असं म्हणाला. आईच्या कानानं ऐकलं मी ते. वाटलं, पोरगं वाईट न्हाय माझं.

पण रचना सही करंना. दुसऱ्या बैठकीला म्हणाली, "मी विचार करतो." परत येताना बसमधी मी खिडकीला बसून आतल्या आत खूश. म्हटलं, न्हाय करत बघा सही. तिला माझं घर सोडवत न्हाय.

तिसऱ्या बैठकीला सौरवचा धीर सुटला. दारातनं स्पष्ट ऐकाय आलं.

"रचना, तुला माझ्यासंगं ऱ्हायचंय का?"

"न्हाय."

"अजून काय पायजे का? सांग."

"काय नको."

"मग सही का करत न्हाईस? तीन वर्षं झाली! मला घरी याय येत न्हाय. मी आलो की तू आत जाऊन बसतीस, आई माझ्याशी बोलत न्हाय. माझं बी घर हाय ते!"

तो कधी मोठ्यानं बोलत न्हाय. आवाज चिरका झालता त्याचा. हे मला त्यानं कधी सांगितलं न्हवतं. मीच विचारलं न्हवतं.

बाईंनी त्याला बाहेर पाठवलं. तो फाटकाजवळ जाऊन उभा ऱ्हायला. मग रचना आणि बाई, तासभर. आता आवाज बारीक, एक शब्द कळंना. रचना बाहेर आली तवा डोळे लालभडक. माझ्याकडं बघितलं न्हाय, सरळ आंब्याखाली जाऊन बसली.

"अक्काताई, आत या," बाईंनी हाक मारली.

मी आत जाऊन बसायच्या आधीच विचारलं, "काय म्हणाली ती?"

"ते मी सांगणार नाही."

"अवो, माझ्याच घरची पोरगी! मला न्हाय तर कुणाला सांगणार?"

"कुणालाच नाही. तिनं सांगायचं असेल तर ती सांगेल." बाईंनी माझ्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. "मी तुम्हाला दोनच गोष्टी विचारते. तुमच्या सोप्यात अकरा माणसं बसली आणि रचनाला लेक करायचं ठरलं. तेव्हा रचना कुठं होती?"

"घरातच की. आत."

"काय करत होती?"

"च्या करत हुती. अकरा माणसं म्हंजे..."

मला ते डोळ्यापुढं दिसलं. ती ट्रे घेऊन आली, सगळ्यांना कप दिले, रिकामे कप घेऊन आत गेली. तिच्या आयुष्याचं ठरत हुतं आणि ती साखर बेताची झाली का बघत हुती. तुला चालंल का गं, असं कुणी विचारलं न्हाय. आण्णाप्पांनी न्हाय, मी बी न्हाय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "हितं सही कर." ती म्हणाली, "बरं."

"दुसरं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला खरोखरची मुलगी असती, तीस वर्षांची, डी.एड. झालेली, तर तुम्ही तिचं काय केलं असतं?"

"काय केलं असतं म्हंजे? आतापतोर कवाच लग्न करून दिली असती. न्हायतर नोकरीला धाडली असती. लेकीला घरात ठेवून घेतंय व्हय कोण? लेक म्हंजे..."

माझंच बोलणं माझ्यावर उलटलं.

मला बाईंचा लई राग आला. उठून म्हटलं, "तुम्ही शिकलेल्या, तुमाला लई शब्द येतात. मी तिला पोटच्या पोरीवानी ठेवली. तिच्या आधी कधी जेवलो न्हाय. तिला कधी 'अगं'च्या पुढं वाईट शब्द वापरला न्हाय. आणि तुम्ही मला शिकवता?"

मी दारापतोर गेलो. दारातनं आंब्याखाली बसलेली रचना दिसली. गुडघ्यात तोंड घालून बसलती. सात वर्षांत मी तिला असं बसलेलं बघितलं न्हवतं, कारण माझ्यापुढं ती कधी अशी बसलीच न्हवती.

मी तिच्याजवळ जाऊन मातीतच बसलो.

"रचना, खरं सांग. तुला जायाचंय का?"

ती माझ्या तोंडाकडं बघाय लागली.

"माझ्याकडं बघू नको. झाडाकडं बघून सांग."

"व्हय आत्ती," ती म्हणाली. "जायाचंय."

आणि मग तिचा बांधच फुटला. "दोन वर्षं झाली. रोज सकाळी उठून म्हणतो, आज सांगतो. आणि तुम्ही माझ्या ताटात आधी वाढता, मग माझी जीभ उचलत न्हाय. तुम्ही शिव्या दिल्या असत्या, उपाशी ठेवलं असतं, तर मी कवाच गेलो असतो. तुम्ही चांगल्या हाईसा, त्येचाच मला तरास हाय! गावात सगळी म्हणतात, किती नशीबवान. मी कुणाला सांगू की मला श्वास घ्यायला येत न्हाय? सौरवना मी सोडून दिलंय मनातनं, लई आधी. सही केली की तुम्ही एकट्या पडणार, म्हणून करत न्हवतो. आता मला कुणाची सून नको, आत्ती, आणि लेक बी नको. थोडे दिस मला माझीच ऱ्हाऊ द्या."

कानफटात बसल्यासारखं झालं मला. लेक बी नको! मी काय काय केलं हुतं ते सगळं ओठावर आलं. टायफाईडचं तिनं केलं, पण तिच्या काविळीचं मी केलं न्हवतं व्हय? भाऊबीजेला भाऊ आला न्हाय तवा साडी कुणी आणली? सगळं आलं ओठावर. मग वाटलं, हे मी मोजलं म्हंजे ती माया कसली, ती उधारी झाली.

"मग बोलायचं न्हाईस व्हय गं भवाने!" मी म्हटलं आणि मलाच रडू फुटलं. दोघी त्या आंब्याखाली ढसाढसा रडलो. सौरव फाटकावरनं दोन पावलं आला आणि तिथंच थांबला. शहाणं हाय पोरगं.

डोळे पुसून मीच तिला आत घेऊन गेलो. बाईंनी सौरवलाबी बोलवलं आणि पहिल्यांदा मला टेबलाशी खुर्ची दिली. बाई एकेक कलम बोलून लिहू लागल्या. दोघं राजीखुशीनं वेगळं होणार. घरातला अर्धा वाटा रचनानं नको म्हटलं, तिचे दागिने-भांडी तेवढे तिचे. कुठल्यातरी शाळेत नोकरी लागून बस्तान बसंपतोर, वर्षभर सौरव खर्चाला पैसे देणार. सगळं मराठीत लिहिलेलं. मला वाचून दाखवत हुत्या.

"अजून काही?" बाईंनी विचारलं.

माझं मन लई चिवट बघा. एवढं रडून झालं तरी आत एक कोंब ऱ्हायलाच हुता. मी म्हटलं, "एक लिहा. नागपंचमीला आणि दिवाळीला रचना बेळगुंदीला येणार. दोन दोन दिस. माहेर म्हणून."

"असं कलम कोर्टात कुणी मागत नाही," बाई म्हणाल्या. "पण इथं दोघांना मान्य असेल ते लिहिता येतं. हेच तर इथं बरं असतं. सौरव?"

"माझी काय हरकत न्हाय."

"रचना?"

रचनानं टेबलाकडं बघितलं. "बरं," म्हणाली.

बाईंनी लिहायला घेतलं. दोन ओळी लिहून झाल्या. माझ्या पोटात पहिल्यांदा जरा गार वाटलं. वर्षातनं चार दिस तर चार दिस, कागदावर पक्के. आणि तसंच रचनाकडं बघितलं तर तिचं तोंड मला दिसलं. चिकोडीचं पत्र आलं तवा हेच तोंड हुतं. 'हितं सही कर' म्हटलं तवा हेच तोंड. आणि मी दर खेपेला ते बघून न बघितल्यासारखं केलतं.

"खोडा ते," मी म्हटलं.

"काय?"

"खोडा म्हणतो न्हवं! लेक सणाला येती ती तिला यावंसं वाटतं म्हणून. कायदा दाखवून बोलवायची असंल तर ती लेक कसली, ते समन्स झालं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग त्या दोन ओळींवर सरळ रेघ मारली. शेजारी सगळ्यांच्या सह्या घेतल्या, माझा अंगठा बी घेतला. ह्या खेपेला 'सही कर' म्हणायच्या आधीच रचनानं पेन उचललं, हे मी बघितलं.

बाहेर पडताना ती माझ्या जवळनं चालत हुती. म्हणाली, "आत्ती, राग धरू नका. मी वरीसभर येणार न्हाय. फोन मी करतो. तुम्ही करू नका."

म्हटलं, "बरं."

त्या जूनलाच तिला पुन्हा चिकोडीकडच्या शाळेचं बोलवणं आलं. जायाच्या दिवशी सौरव पुण्याहून आला, तिची ट्रंक त्यानंच एसटी स्टँडवर बसमधी चढवली. नवरा म्हणून जमलं न्हाय पोराला, पण ट्रंक नीट चढवली. दोघं हसून बोलली. मी तिची ओटी भरली. आण्णाप्पा नंतर म्हणाले, "अक्काताई, स्टॅम्प करून बी लेक गेली की गं." म्हटलं, "आण्णा, तुमच्या तिन्ही गेल्या, त्या काय स्टॅम्प करून गेल्या?"

तवापास्नं सौरव दर दुसऱ्या शनिवारी घरी येतोय. मी त्याच्याशी बोलतो. आधी जड गेलं, आता त्याचं बी कळतंय मला. विहिरीची धमकी दिलती त्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "आई, पाणी गुडघाभर हुतं," आणि आमी दोघं हसलो.

पण बाकीचे दिस लई मोठे असतात, हे खोटं सांगून चालायचं न्हाय. म्हसरांशी बोलून बोलून किती बोलणार? फोन हातात घेतो आणि ठेवतो. नंबर दाबत न्हाय. शब्द दिलाय.

पंचमी झाली, गौरी-गणपती झालं. परवाच्या रविवारी दुपारी फोन वाजला. फोनवर रचनाचा फोटो दिसला, तसं हातातलं काम टाकून दिलं मी.

"आत्ती, मी बोलतोय." आणि पुढं सुरूच. शाळा अशी, खोली अशी, खाली राहणारी मालुबाई कानडीत भांडती आणि मराठीत भाजी देती. "आणि आत्ती, ऐका तर. तिसरीत एक पोरगी हाय. मी हजेरी घेत हुतो. सगळी हजर, हजर म्हणतात. हिचं नाव घेतलं तर उठून कमरेवर हात ठेवून म्हणती, 'बाई, आलोय की! तुमच्या म्होरंच तर बसलोय!'"

आणि ती हसाय लागली. हसता हसता तिला बोलता येईना. परत सांगाय गेली, 'म्होरंच तर बसलोय' म्हणाली आणि परत हसत सुटली.

मी फोन कानाला लावून सोप्यात बसलो. सात वर्षं ती ह्या घरात हुती, आणि एवढं हसलेलं मला एकदाबी आठवंना. मला लई वाईट वाटलं आणि लई बरं वाटलं, दोन्ही एकदमच. 'कवा येतीस गं?' हे जिभेच्या शेंड्यावर आलतं.

"आत्ती? ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय गं," मी म्हटलं. "सांग की, मग पुढं काय झालं?"